मागे कोणी नसताना

बडोद्यात पहाटे साडेपाचला सयाजीबागेच्या दिशेने एकटाच पळत निघालेल्या माणसाला एखादे आजोबा अजूनही हटकतात, "काय झालं रे? कुणी मागं लागलंय का?" आजोबांना खरोखरच काळजी वाटत असते. पळणाऱ्याला मात्र एका दमात उत्तर देता येत नाही, कारण दम आधीच संपलेला असतो. तो हात हलवतो आणि पुढे जातो. पुढच्या वळणावर एक कुत्रे खरोखरच त्याच्या मागे लागते.

आजोबांचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. आपल्या भाषेलाही हौसेने पळणे फारसे ठाऊक नव्हते. 'पळपुटा' ही शिवी, 'पळ काढणे' ही नामुष्की आणि 'पळता भुई थोडी' ही फजिती. 'धावणे' जरा मानाचे खरे, पण तिथेही कारण लागते. माणूस मदतीला धावतो, गाय वासराकडे धावते. कारणावाचून दोन-चार कोस पळून पुन्हा घरीच येणे, या क्रियेला जुन्या मराठीत शब्दच नव्हता. बडोद्याचा इतिहास पाहिला तर त्याचे नवल वाटत नाही. या शहरात पळणाऱ्याच्या मागे कायम कोणी ना कोणी असे.

सर्वांत आधी असे ती मुदत. मराठी राज्याचा पत्रव्यवहार जासूद आणि काशीद यांच्या पायांवर चालत असे. पुणे दरबार आणि बडोद्याचे गायकवाड यांच्यातली पत्रे घाट उतरून, तापी-नर्मदा ओलांडून जायची ती याच माणसांच्या हातून. काशीद बहुधा जोडीने पाठवत. वाटेत एकाला ताप आला, वाघ आडवा आला किंवा नदीला पूर आला, तरी दुसऱ्याने पत्र पोचवावे हा हेतू. किती दिवसांत पोचायचे ते आधीच ठरलेले असे. वेळेत पोचला तर बक्षीस, उशीर झाला तर मजुरीला कात्री. पुढे इंग्रजी टपालात घुंगुरकाठी घेतलेला हरकारा आला आणि टप्प्याटप्प्याने थैली पुढच्या माणसाच्या हाती जाऊ लागली. लांब पल्ल्याचे हे आपले पहिले धावपटू. पण त्यांच्यातला कोणी हौसेखातर पळत नव्हता.

दुसरा पाठलाग होता हत्तीचा. 'राजकीय साठमारी' हे शब्द आज वर्तमानपत्रात सहज वाचले जातात. ती साठमारी बडोद्यात प्रत्यक्ष होत असे. तिची जागा म्हणजे अग्गड. जाड भिंतींनी वेढलेला मोठा चौक, आणि भिंतींत जागोजाग अरुंद दारे. माणूस आत शिरेल, पण हत्ती शिरणार नाही एवढीच त्यांची रुंदी. मस्तीत आलेला हत्ती मोकळा सोडायचा आणि साठमारांनी भाले, चाबूक, रंगीत कापड घेऊन त्याला डिवचायचे. हत्ती वळला की पळायचे. दार गाठले तर हत्तीची सोंड भिंतीवर आपटे आणि वर बसलेले लोक आनंदाने ओरडत. कोणी अडचणीत सापडलाच, तर काठीवरचे दारूकाम पेटवून हत्तीला बिचकवण्यासाठी माणसे तयार असत. १८६० च्या दशकात, खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी बडोद्यात राहिला आणि त्याने हा खेळ बारकाईने लिहून ठेवला. नोव्हेंबर १८७५ मध्ये इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, बडोद्यास आला तेव्हा त्यालाही हत्तींची झुंज दाखवण्यात आली. त्याच वर्षी दत्तक आलेले सयाजीराव तेव्हा बारा वर्षांचे होते.

साठमाराला किती अंतर पळायचे हे ठाऊक नसे. फक्त दार कुठे आहे ते पक्के ठाऊक असावे लागे.

सयाजीरावांच्या काळात बडोदे मल्लविद्येचे माहेरघर झाले. दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रोफेसर माणिकरावांनी पिढ्या घडवल्या. पुढे कैवल्यधाम स्थापणारे स्वामी कुवलयानंद तरुणपणी इथेच त्यांच्या हाताखाली शिकले. माणिकरावांनी देशी भाषेतल्या आज्ञांवर सांघिक कवायत बसवली. ते नामांकित हाडवैद्यही होते. दत्तात्रय चिंतामण मजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले तेही याच शहरातून. पण आखाड्यात मान होता तो कुस्तीला, मल्लखांबाला, जोर-बैठकांना. धावणे हे दमसास वाढवण्याचे साधन होते. नुसते धावणे हीच विद्या, असे म्हणायला कोणी पुढे आले नव्हते.

ते घडले पुण्यात. १९१९ च्या सुमारास डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांना दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून गेले. तिथे जे दिसले ते त्यांनी १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना पत्राने कळवले. शंभर यार्डांची शर्यत वळणावरून घेण्याचा बेत होता, आणि प्रत्येकाची वाट वेगळी करायला दोऱ्याही नव्हत्या. स्पर्धक शेतावर राबणारी मुले. त्यांच्या लेखी धावणे म्हणजे धावणे, त्याला नियम कसले? पण सुमारे पंचवीस मैलांच्या शर्यतीत याच अनवाणी मुलांनी खडीच्या रस्त्यावर जी वेळ दिली, ती युरोपातल्या धावपटूंशी ताडून पाहण्याजोगी होती. टाटांनी स्वतःच्या खिशातून हातभार लावला आणि १९२० मध्ये भारताचा संघ अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेला.

त्या संघात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे दोघे मॅरेथॉनला उतरले. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पोचले आणि एकोणिसावे आले. त्या वर्षीची वाट ४२.७५ किलोमीटरची होती, म्हणजे १९०८ साली लंडनला धावले गेलेल्या आणि पुढे कायम झालेल्या ४२.१९५ पेक्षाही लांब. रोजच्या भाकरीसाठी राबणाऱ्या घरांतली मुले मुदत नसताना, हत्ती नसताना, केवळ किती लांब आणि किती लवकर जाता येते हे पाहण्यासाठी धावली. मराठी मुलखात हौशी धावण्याची गोष्ट खऱ्या अर्थाने इथून सुरू होते.

आज बडोद्यात हिवाळ्यातल्या एका रविवारी नवलखी मैदानावर मॅरेथॉनसाठी हजारो माणसे छातीवर क्रमांकाचा कागद चार टाचण्यांनी लावून उभी असतात. सुरुवात फार उत्साहाची. पहिल्या दोन किलोमीटरला बँडच्या तालावर सगळेच जोरात सुटतात आणि दहाव्याला त्याची परतफेड करतात. काखेत व्हॅसलीन लावायचे राहिले, हे विसाव्या किलोमीटरला कळते. स्नायूंत आणि यकृतात साठवलेले ग्लायकोजेन तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते. धावणारे त्याला 'वॉल लागली' म्हणतात. पाय असतात, पण ऐकत नाहीत. अशा वेळी शेजारून एक सत्तरीच्या आजी संथपणे पुढे निघून जातात आणि जाताना "चला, थोडंच राहिलंय" असे सांगतात. अजून बारा किलोमीटर राहिलेले असतात. घरी पोचल्यावर अंगठ्याचे नख काळे पडलेले दिसते, जिना उलटे तोंड करून उतरावा लागतो, आणि तरीही झणझणीत सेव-उसळीच्या पहिल्या घासाबरोबर पुढच्या वर्षीचे बेत सुरू होतात.

या शहरात पाठलागाची आठवण मात्र पुरती पुसलेली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला आणि मगरी वस्त्यांमध्ये, रस्त्यांवर आल्या. वनखात्याने आणि स्वयंसेवकांनी त्या पकडून पुन्हा सुरक्षित जागी सोडल्या. पाणी ओसरले तशी पहाटेची मंडळी परत रस्त्यावर आली. फक्त नदीकाठच्या वाटेवर काही दिवस बॅटरीचा उजेड जरा जास्त फिरत होता.

अशा शर्यतीच्या दिवशी रस्ते बंद असतात आणि आपली चिडचिड होते. जिंकणारे सकाळी लवकरच निघून जातात आणि टाळ्याही त्यांच्याबरोबर संपतात. त्यानंतर काही तासांनी एक थकलेला, लंगडणारा माणूस येतो, मागे फक्त रुग्णवाहिका. त्याच्या मागे मुदत नाही, हत्ती नाही, महाराजांचे मनोरंजन नाही. बडोद्याच्या इतिहासात असा माणूस फार उशिरा आला आहे. तो येईपर्यंत थांबा आणि त्याच्यासाठीही टाळ्या वाजवा.