उभ्या पायांची धाव

छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या माणसाला बसून काम करता येत नसे, ही गोष्ट आता मुद्दाम सांगावी लागते. डाव्या हातात स्टिक, समोर तिरपी मांडलेली केस, आणि उजवा हात घराघरांतून एकेक अक्षर उचलतो आहे, अशा अवस्थेत दिवसचे दिवस जात. आमचे अण्णा तालुक्याच्या गावी एका छापखान्यात अठ्ठावीस वर्षे असे उभे होते. आश्विन लागला की दिवाळीच्या कामाची गर्दी होई आणि रात्रपाळीही उभ्यानेच निघे. घरी आले की ते पायरीवर बसत आणि मी त्यांच्या पायांवर ऊन पाणी घाली. पोटरीवरच्या निळ्या, गाठाळलेल्या शिरा मला अजून दिसतात.

मी शाळेत धावण्यात बरा होतो. मास्तरांनी पहाटे सरावाला बोलावले, तेव्हा अण्णा म्हणाले, "बाळ, पायांचं आयुष्य मोजून दिलेलं असतं. पोटासाठी राखून ठेव." मला ते पटले. पुढे मीही मास्तर झालो. फळ्यापुढे उभे राहून दिवस काढू लागलो आणि पाय राखून ठेवले. चाळिशी उलटल्यावर एका कंपोझिटरचे चरित्र हाती आले आणि अण्णांच्या त्या वाक्याविषयी प्रथमच शंका आली.

त्याचे नाव क्लॅरेन्स डीमार. जन्म 1888 सालचा, अमेरिकेतील ओहायो राज्यातला. वडील लहानपणीच गेले. मुलाला बॉस्टनच्या बंदरातील एका बेटावरच्या, शेती आणि धंदेशिक्षण देणाऱ्या शाळेत ठेवण्यात आले. पुढे कॉलेजात गेला, पण आईचा भार होता. शिक्षण अर्ध्यावर सोडून तो छापखान्याच्या कामाला लागला.

बॉस्टनची मॅरेथॉन 1897 पासून चालू आहे. त्या काळी ती 19 एप्रिलला असे. मॅसॅच्युसेट्स राज्याला त्या दिवशी सुट्टी असे, म्हणून कामकरी माणसाला रोज न बुडवता धावता येई. जिंकणाऱ्याला पुष्पहाराऐवजी पानांचा मुकुट मिळे. रोख बक्षीस तेथे 1986 सालापर्यंत नव्हते, आणि धावण्याचे पैसे घेतले तर हौशी खेळाडू म्हणून नाव कटे. त्यामुळे धावणारा माणूस आधी कुठला तरी कामगार असे. 1896 साली अथेन्सला पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकणारा स्पिरिडॉन लुईस पाणी वाहून नेत असे. 1904 साली चौथा आलेला क्यूबाचा फेलिक्स कार्वाहाल टपालवाला होता. आपल्याकडचेही उदाहरण आहे. 1920 साली अँटवर्पला एकोणिसावा आलेला बेळगावचा फडेप्पा चौगुले ज्या शर्यतींतून पुढे आला, त्या पुण्याच्या शर्यतींत धावणारे पुष्कळसे खेड्यांतले अनवाणी गडी होते. त्यांना पाहूनच दोराबजी टाटांना हिंदी खेळाडू ऑलिंपिकला धाडावेत असे वाटले.

मग डीमारने उभे काम आणि धावणे यांचा मेळ कसा घातला? उत्तर साधे आहे. सरावासाठी निराळा वेळ त्याने शोधलाच नाही. कोरडा सदरा बरोबर घ्यायचा, कामावर धावत जायचे, सदरा बदलून कामाला लागायचे आणि धावतच घरी परतायचे. यात शरीराचेही एक गणित आहे. माणूस चालतो किंवा धावतो तेव्हा पोटरीचे स्नायू आवळतात, सैल होतात आणि पायांतले रक्त वर हृदयाकडे ढकलतात. एका जागी उभे राहिले की तो पंप थांबतो आणि रक्त खाली साचते. म्हणजे उभे राहून आलेला शीण आणि धावून आलेला शीण हे एक नव्हेत. पहिल्या शिणावर बेताची चाल हाच कित्येकदा उतारा ठरतो.

1911 साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो बॉस्टनची शर्यत 2 तास 21 मिनिटे 39 सेकंदांत जिंकला. मार्ग तेव्हा आजच्यापेक्षा आखूड होता. त्याच शर्यतीआधी डॉक्टरांनी त्याची छाती तपासून हृदयात दोष आहे, धावणे सोड, असे बजावले होते. पुढल्या वर्षी स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये तो बारावा आला. त्यानंतर दहाएक वर्षे, एखादा अपवाद सोडला तर, तो या लांब शर्यतींपासून दूरच राहिला. नोकरी सांभाळून शिकला, महायुद्धात लष्करी नोकरी केली. लोक त्याला विसरत चालले होते.

आणि 1922 साली, तेहतिसाव्या वर्षी, तो पुन्हा जिंकला. मग 1923, 1924, 1927, 1928 आणि शेवटी 1930. एकूण सात वेळा. शेवटच्या विजयाच्या वेळी तो एकेचाळीस वर्षांचा होता. 1924 साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये त्याला कांस्यपदक मिळाले. पुढे न्यू हॅम्पशायरमधील कीन गावी तो शिक्षक झाला आणि मुलांना छपाई शिकवू लागला. पासष्टाव्या वर्षीही तो बॉस्टनला धावला.

1958 साली तो कर्करोगाने गेला. डॉ. पॉल डडली व्हाइट या नामांकित हृदयतज्ज्ञाने सहकाऱ्यासह त्याच्या हृदयाचा अभ्यास केला. तो 1961 साली प्रसिद्ध झाला. ज्या हृदयाविषयी डॉक्टरांना शंका होती, त्याच्या रक्तवाहिन्या सामान्य माणसाच्या दुप्पट-तिप्पट रुंद निघाल्या.

एवढ्यावरून अण्णांना चुकीचे ठरवणे मात्र मला जमत नाही. एका माणसाच्या हृदयावरून सर्वांच्या पायांचा निवाडा होत नाही. डीमारने संसार उशिरा थाटला. अण्णांच्या पाठीशी पंचविशीतच सहा तोंडे होती. त्याच्या ताटात काय होते आणि अण्णांच्या ताटात काय होते, हेही पाहायला हवे. पाय मोजून मिळालेले नसतील. पोटाला मिळणारे अन्न आणि अंगाला मिळणारी विश्रांती मात्र मोजूनच मिळत होती.

हे सारे मी गेल्या उन्हाळ्यात अण्णांना सांगितले. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हातजुळणीच करायचा ना? मशिनीवर बसत नव्हता?" मी म्हटले, "केसपुढे उभे राहण्याचाच धंदा, अण्णा." मग बराच वेळ ते आपल्या पायांकडे पाहत राहिले.

"आम्हांला हे कुणी सांगितलं नाही रे," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "तुझी शाळा घरापासून किती लांब?"

"दोन मैल."

"मग सायकल कशाला नेतोस?"

जूनपासून सायकल घरीच असते. अर्धी वाट चालतो, अर्धी धावतो. पिशवीत एक कोरडा सदरा असतो, आणि संध्याकाळी मी परतेपर्यंत अण्णा पायरीवर बसलेले असतात.