देवनहळ्ळीच्या वेढ्यातली उमेदवारी

मराठी वाचक हैदरअलीला ओळखतो तो थोरल्या माधवरावांचा कडवा शत्रू म्हणून. पण तो घडला कसा, हे पाहायचे तर बंगळुरूच्या उत्तरेकडील देवनहळ्ळीला जावे लागते. 1749 मध्ये म्हैसूरच्या सैन्याने तिथल्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा सत्ताविशीच्या आसपासचा हैदर थोरला भाऊ शाहबाज याच्या पथकात निव्वळ उमेदवार होता. पदरी हुद्दा नव्हता, अक्षरओळखही नव्हती. वेढ्यातले त्याचे धाडस आणि थंड डोके सर्वाधिकारी नंजराजाच्या नजरेत भरले. किल्ला पडल्यावर हैदरला 50 घोडेस्वार आणि 200 प्यादे यांची सरदारी मिळाली. आज आपण ज्याला रोजगारक्षमता म्हणतो, ती त्याला कामावरच मिळाली होती आणि कामावरच पारखली गेली होती.

पुढेही त्याचे शिकणे याच रीतीने चालले. तिरुचिरापल्लीच्या मोहिमांत त्याने युरोपीय पलटणींची शिस्त जवळून पाहिली. 1755 मध्ये दिंडीगलची फौजदारी मिळताच फ्रेंच कारागीर नेमून तोफखाना उभा केला. हिशेब खंडेराव नावाचा ब्राह्मण कारकून ठेवी, पण लांबलचक आकडेमोड हैदर तोंडी करी आणि ती अचूक असे. लिहिण्याच्या खटपटीतून मात्र आपल्या नावाचे पहिले अक्षर तेवढे त्याच्या हाती बसले, आणि तेही तो उलटे काढी, असे इतिहासकार मार्क विल्क्स सांगतो. ज्याला सही धड येत नव्हती, तो पुढे म्हैसूरचा कारभार चालवत होता.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, हैदरला भावाचा वशिला होता. तो होताच, आणि त्याचे महत्त्व कमी लेखू नये: काम करत शिकायचे तर आधी कामाच्या जागी शिरकाव हवा, आणि तो सगळ्यांच्या नशिबी नसतो. पण भावाच्या ओळखीने पथकात जागा मिळाली. सरदारी मिळाली ती वेढ्यातल्या कामगिरीने. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. याच देवनहळ्ळीत जन्मलेल्या टिपूसाठी हैदरने फारसी, अरबी, कन्नड शिकवणारे शिक्षक ठेवले. म्हणजे स्वतःच्या शिक्षणातली उणीव त्याला कळत होती. हे खरेच आहे. जो मजकूर स्वतःला वाचता येत नाही त्यासाठी दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबावे लागते, आणि विश्वासातला खंडेराव 1760 मध्ये उलटला तेव्हा असे विसंबणे किती महाग पडते हे हैदरने भोगले. परंतु त्याने मुलाला नुसते पुस्तकांवर सोडले नाही. लहान वयातच मोहिमांवरही नेले. अनुभवाला अक्षराची जोड हवी, हे त्याला पटले होते. अक्षर आले म्हणजे अनुभव नको, असे त्याने कधी मानले नाही.

आज देवनहळ्ळीजवळ विमानतळ आहे, भोवती कारखाने वाढत आहेत. वर्षानुवर्षे काम करून हात तयार झालेले, पण हाती कागद नसलेले कामगार आपल्या प्रत्येक औद्योगिक पट्ट्यात आहेत. अशा पूर्वकौशल्याला प्रमाणपत्र देण्याची सोय 2015 पासूनच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. सोय चांगली आहे; पण तिचे मोल नेमणूक करणाऱ्याच्या नजरेवर ठरते. उमेदवाराचा कागद जरूर पाहावा, पण त्याआधी त्याला काम देऊन त्याचा हात पाहावा.