२८ दिवस चालणारं औषध

आजची गोष्ट सुरू होते १९७५ला, केंब्रिजमध्ये. कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची अँटिबॉडी हवी तेवढी बनवायची युक्ती काढली. पेटंट नाही घेतलं. १९८४ला नोबेल मात्र मिळालं.

आता म्हणाल, इंदापूर-बारामतीच्या पेशंटला याचं काय? तर ऐका. उलटलेल्या ल्युकेमियावर याच घराण्यातलं ब्लिनाट्युमोमॅब २०१४ला अमेरिकेत मंजूर झालं. ते एका हाताने कॅन्सरची पेशी धरतं, दुसऱ्याने आपली टी पेशी, आणि दोघींची गाठ घालून देतं. मोठ्या चाचणीत निम्मे रुग्ण ७.७ महिन्यांच्या पुढे जगले. केमोवाल्यांत हाच आकडा ४. फरक छोटा वाटतो, पण तेवढ्या सवडीत काहींना बोन मॅरो ट्रान्सप्लांट गाठता येतो.

खरी मेख पुढेच आहे. औषध शरीरात साधारण दोन तासांत निम्मं होतं. म्हणून पंप लावून २८ दिवस अखंड द्यायचं, पिशव्या बदलत, ताप आणि झटक्यांवर लक्ष ठेवत. बारामतीत २०१९पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तरी अशा उपचाराला बहुतेकांना पुणं नाहीतर परळचं टाटा गाठावं लागतं. महिनाभर भाड्याची खोली, सोबतीला घरातलं एक माणूस, इकडे ऊस तोडीला आलेला. चाचणीच्या आकड्यात हे कुठेच येत नाही, आणि मला तोच आकडा अपुरा वाटतो.

२०२३ला मंजूर झालेलं नेक्सकार-१९ आयआयटी मुंबई आणि टाटाचं. त्यात अँटिबॉडीचा तुकडा पेशंटच्याच टी पेशीवर बसवतात. दवाखान्यात थांबणं त्यातही आलंच, पण त्या पेशी चढवायच्या एकदाच.