कपाळावरची सुंठ

आमच्या घरात सहाण ही देवघरातली वस्तू. पण महिन्यातून तीन-चार वेळा ती माजघरात येई. तिच्यावर चंदनाऐवजी सुंठ उगाळली जाई आणि तो लेप कपाळावर घेऊन आई खिडक्या लावून अंधारात पडून राही. "आईची अर्धशिशी उठलीय," एवढे थोरल्या बहिणीने म्हटले की आम्ही भावंडे मुकाट्याने अंगणात जात असू. एखादे भांडे वाजले तरी आजी डोळे वटारी. संध्याकाळी आई उठे, कपाळ धुई आणि चुलीपुढे जाऊन बसे. या दुखण्याला काही कारण असेल, असे घरात कुणाच्या मनात आल्याचे मला आठवत नाही. पावसाळा येतो, तशी अर्धशिशी येते.

पुढे मी शाळेत इतिहास शिकवू लागलो आणि आईचे हे दुखणे वारसाहक्काने माझ्याकडे आले. दागिने बहिणीकडे गेले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इतिहासाच्या मास्तराला दुखणे झाले की तो त्याचाही इतिहास वाचू लागतो. माझे तसेच झाले.

पहिले नवल वाटले ते नावाचे. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलन याने या व्याधीला 'हेमिक्रेनिया', म्हणजे अर्धी कवटी, असे म्हटले. तोच शब्द लॅटिन आणि फ्रेंच लोकांच्या तोंडी झिजत झिजत 'मायग्रेन' झाला. आपल्याकडे संस्कृत ग्रंथांत तो 'अर्धावभेदक' आणि बायकांच्या बोलण्यात अर्धशिशी. कप्पाडोशियाचा अरेटियस नावाचा प्राचीन वैद्य लिहितो की हे रोगी उजेडापासून पळतात, त्यांना अंधारात बरे वाटते. त्याच्या एखाद्या रोग्याला आमच्या माजघरात आणून निजवले असते, तर आईची आणि त्याची ओळख करून द्यावी लागली नसती!

पण मी खिळून राहिलो तो चरकसंहितेपाशी. तिच्या सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात डोके का दुखते याची एक लांबलचक यादी आहे. मलमूत्रादी वेग अडवून धरणे, दिवसा झोपणे, रात्री जागणे, मद्य, मोठ्याने बोलणे, दव, पूर्वेचा वारा, न सोसणारा वास, धूळ, धूर, थंडी, ऊन, मनस्ताप. इतकेच काय, रडणे आणि आलेले रडू दाबणे ही दोन्हीही त्यात आहेत. पाचव्या अध्यायात म्हटले आहे की जो डोक्याला नित्य तेल लावतो, त्याला शिरःशूळ होत नाही. आमच्या आजीने चरकाचे नावही ऐकले नसेल, पण तेलाची वाटी घेऊन ती आमच्यामागे लागे.

आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नव्हे. पूर्वेच्या वाऱ्याची हमी मी घेणार नाही आणि टाळूवरच्या तेलाने माझी अर्धशिशी थांबलेली नाही. मला त्या यादीचे मोल निराळ्याच कारणासाठी वाटते. तीत भूतपिशाच नाही, पूर्वजन्मीचे पाप नाही. माणूस उठतो कधी, निजतो कधी, खातो काय, श्वासावाटे घेतो काय, मनात दाबून ठेवतो काय, एवढेच आहे. म्हणजे दुखण्याचे मूळ कपाळात न शोधता त्या वैद्यांनी ते दिवसात शोधले.

हा शोध मागे कसा पडला? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील रसायनशाळांतून वेदना थांबवणारी औषधे एकामागून एक बाहेर पडू लागली. फेनासेटिन १८८७ साली आले, ॲस्पिरिन १८९९ साली. ही औषधे मोठी उपकारक, यात वाद नाही. पण गोळीने डोके तासाभरात थांबते म्हटल्यावर, काल रात्री जागलास का, हे विचारायचे कशाला?

स्वीडनमधील हुस्कवर्ना या गावाची हकिकत या बाबतीत सांगण्यासारखी आहे. तेथे बंदुकांचा आणि शिवणयंत्रांचा मोठा कारखाना. १९१८ च्या इन्फ्ल्यूएन्झाच्या साथीत ह्योर्टोन नावाच्या डॉक्टरांची एक पूड कामगारांना मिळू लागली. तीत फेनासेटिन, फेनाझोन आणि कॅफिन. साथ गेली, पूड राहिली. तिने कामाला हुरूप येतो असे कामगारांना वाटे. अशा पुडीतील कॅफिनचा अंमल उतरला की डोके दुखू लागते. मग त्या दुखण्यावर पुन्हा तीच पूड! वर्षानुवर्षे हे चालले. पुढे त्या गावात मूत्रपिंडे निकामी होऊन माणसे दगावू लागली, तेव्हा डॉक्टर ग्रिमलुंड यांनी शोध घेतला आणि १९६३ साली तो प्रसिद्ध केला. बोट पुडीतील फेनासेटिनकडेच वळले. अमेरिकेत त्याच्यावर बंदी यायला १९८३ साल उजाडले.

हे सारे वाचून मी मान डोलावली, आणि वाचताना डोके दुखत होते म्हणून एक गोळी घेतली. खोटे कशाला सांगू? त्या काळात मी महिन्यातले वीस दिवस गोळी घेत असे. अखेर एका डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितले, "मास्तर, आता तुमचे डोके गोळीनेच दुखते आहे." साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांच्या वर घेतली की ती स्वतःच डोकेदुखी निर्माण करू शकते, मिश्र गोळ्यांना दहा दिवसही पुरतात. त्यांच्या देखरेखीखाली मी गोळ्या सोडल्या. पहिला पंधरवडा कसा गेला ते लिहीत नाही.

मग बाईंनी मला एक वही घालायला लावली. झोप किती, जेवण किती वाजता, पाणी किती, चहा कितीदा, डोके केव्हा दुखले. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांवर आयुष्यभर लाल शाई ओतली, पण या वहीने माझेच गुण कापले. रविवारी उशिरा उठलो की दुपारी डोके. सभेला गेलो, जेवण तीन वाजता झाले की हटकून डोके. चहाची वेळ टळली की डोके. आता मी सुटीच्या दिवशीही सहाला उठतो, बाराला जेवतो, चहा दोनच वेळा घेतो आणि संध्याकाळी टेकडीपर्यंत चालून येतो. अर्धशिशी गेलेली नाही. ती रक्तातच आहे. पण महिन्याची आठ-दहा दुखणी दोनांवर आली आहेत. (एकाएकी, पूर्वी कधी झाले नाही असे भयंकर डोके दुखले, तर मात्र वही बाजूला ठेवून तडक डॉक्टर गाठावा.)

एके रात्री ती वही चाळताना मनात आले, आईची वही कुणी घातली असती तर? थोरली बहीण आता नव्वदीला टेकली आहे. तिला फोन करून विचारले, "ताई, आईचे डोके कोणत्या वारी दुखायचे, आठवते का गं?"

ती क्षणभरही थांबली नाही. "सोमवारी," म्हणाली, "तिचा कडक उपास असायचा ना. आणि पाहुणे असले की. सगळ्यांच्या पंगती उठून ती पानावर बसायची तेव्हा तीन वाजून गेलेले असायचे."