घरून काम आणि एक कोटीची अनामत

पोस्ट लांब आहे, पण आमच्या मुर्रीसारख्या गावांतल्या पोरांच्या नोकरीचा प्रश्न आहे, म्हणून लिहितोय.

घरून सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्यांना कंपन्या परत पुण्या-मुंबईला बोलावतायत. कारण विचारलं की एकच शब्द येतो, "सुरक्षितता". म्हणे गावातल्या वायफायवरून सर्व्हर उघडणं धोक्याचं. मी गोंदियाला लागून असलेल्या या गावात बसूनच कोड लिहितो, त्यामुळे हे कारण जरा मागे जाऊन तपासावंसं वाटलं.

1999 च्या दूरसंचार धोरणातून 'ओएसपी' नावाची नोंदणी आली. कॉल सेंटर, बीपीओ वगैरेंनी ती दूरसंचार विभागाकडे करायची. घरून काम द्यायचं असेल तर कर्मचाऱ्याचा पत्ता आधी ठरलेला हवा, जोडणी परवानाधारक कंपनीच्याच खासगी व्हीपीएनवरून हवी, आणि वर एक कोटी रुपयांपर्यंतची अनामत! मुर्रीतल्या एका पोरासाठी एवढे पैसे कोण भरणार बापा? यात सरकारची मोठी काळजी फोन कॉल परवानाधारक कंपन्यांना चुकवून जातील, महसूल बुडेल, ही होती. डेटाची चोरी हा त्यातला लहान भाग.

सॉफ्टवेअरवाल्यांचे पार्क आणि एसईझेड वेगळे, पण रीत तीच. दारावर रखवालदार, पेन ड्राइव्ह बंद, आणि एकदा आत गेला की माणूस विश्वासाचा. आमच्याकडच्या पोरांनी महाराष्ट्र एक्सप्रेस पकडायची नि पुण्यात खोली शोधायची.

मग कोरोना आला. 13 मार्च 2020 ला दूरसंचार विभागाने अनामतीची अट 30 एप्रिलपर्यंत सैल केली, पुढे मुदत वाढत गेली, आणि 5 नोव्हेंबर 2020 ला ती नोंदणीच काढून टाकली. वीस वर्षं जे अशक्य म्हणत होते ते आठ महिन्यांत झालं.

आता भिंतींच्या आत किती सुरक्षित होतं ते बघा. ऑगस्ट 2018, पुण्याची कॉसमॉस बँक. तेव्हा घरून काम कुठे होतं? तरी चोरांनी बँकेच्या एटीएम यंत्रणेत शिरून पैसे काढायला परवानगी देणारी खोटी व्यवस्था उभी केली. 11 तारखेला 28 देशांतल्या एटीएममधून सुमारे 78 कोटी गेले, भारतातून अडीच कोटी, आणि 13 तारखेला स्विफ्टमधून हाँगकाँगला 13.92 कोटी. एकूण 94 कोटींवर. मुख्यालयाच्या दाराशी कुणी आलंसुद्धा नाही.

घरून कामात धोका नाही असं मी म्हणत नाही. 2022 मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीत चोर शिरले ते एका इंजिनीअरच्या घरच्या कॉम्प्युटरमधून. त्यावरच्या व्हिडिओ बघायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये भोक होतं, तिथून टाइप केलेलं सगळं टिपलं गेलं. 2021 मध्ये अमेरिकेतली कोलोनियल पाइपलाइन बंद पडली, त्याआधी चोर आत आले ते वापरात नसलेल्या एका व्हीपीएन खात्यातून. त्या खात्याला पासवर्डशिवाय दुसरी तपासणी नव्हती. खातं वेळेवर बंद केलं असतं तर एवढं झालं नसतं.

आता आपल्याकडचं बघा. मोठी कंपनी काम ठेकेदाराला देते, ठेकेदार आमच्यासारख्यांना. लॅपटॉप आपलाच, घरातली लहान पोरं त्यावरच गेम खेळणार. एका ठिकाणी तर आम्हा चौघांना मिळून एकच लॉगिन होतं. माझ्या मित्राने ते काम सोडून आठ महिने झाले, त्याचा पासवर्ड अजून चालतो. त्याने स्वतः मेल टाकून कळवलं, उत्तर नाही. उद्या काही झालं तर नाव कुणाचं येणार? गावातल्या पोराचंच.

म्हणून बोलावणाऱ्या साहेबांना माझं म्हणणं साधं आहे. कामाचा लॅपटॉप कंपनीने द्यावा. पासवर्डबरोबर दुसरी तपासणी ठेवावी, त्यासाठीची छोटी चावी काही हजारांत येते. ज्याचं जेवढं काम, तेवढंच त्याला उघडं ठेवावं, नि माणूस गेला की त्याच दिवशी खातं बंद करावं. हे करून झाल्यावरही पुण्याला यावंच लागेल म्हणत असाल, तर मग खोलीभाड्यासकट पगाराचं बोला.