चिकित्सक वृत्ती (शिक्षणातील)

चिकित्सक वृत्ती : कोणतीही गोष्ट पुरावा पाहून, कारण विचारून मगच मानण्याची किंवा नाकारण्याची सवय. शिक्षणक्षेत्रात ती बहुधा कौशल्यांच्या यादीत बसवली जाते. पण दुसऱ्याच्या बोलण्यातली खोट काढण्याचे कौशल्य वितंडवाद्याकडेही असते. तीच कसोटी स्वतःच्या समजुतींना लावणे आणि जे पटले त्याची किंमत मोजणे, हा या वृत्तीचा नैतिक भाग होय.

महाराष्ट्रात या भागाचा आग्रह धरणाऱ्यांत गोपाळ गणेश आगरकर (1856–1895) अग्रणी. कऱ्हाडजवळच्या टेंभूचा त्यांचा जन्म. 1888 मध्ये त्यांनी ‘सुधारक’ हे साप्ताहिक काढले, विरोधकांनी काढलेली स्वतःची प्रेतयात्राही जिवंतपणी पाहिली. पुढे 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी जोपासणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले.

शाळांत हा दृष्टिकोन रुजवण्याचे काम महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने नेटाने केले. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी पडली की पाणी लालभडक होते; ‘करणी’चे रक्त ते हेच. मुलांना प्रयोग आवडतो. अवघड भाग पुढचा : तोच ‘कशावरून?’ एखाद्या मुलाने गुरुजींना विचारला, तर वर्गात काय होते? बहुतेक ठिकाणी ‘खाली बस’ एवढेच होते.

या वृत्तीचे विटा परिसरातील (खानापूर तालुका, जि. सांगली) सर्वांत ठळक उदाहरण मात्र शाळेबाहेरचे आहे. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि खानापूर तालुक्यातले अनेक कामगार गावी परतले. दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडताना प्रश्न निघाला : या खडीने दुष्काळ हटणार कसा? मुक्ती संघर्ष चळवळीने हा प्रश्न सोडला नाही. भारत पाटणकर, बलवडीचे संपतराव पवार आदी कार्यकर्ते, लोकविज्ञान चळवळीतील मंडळी आणि गावकरी मिळून पाऊस, पिके व पाण्याचा अभ्यास करू लागले. दुष्काळ म्हणजे केवळ नशीब किंवा पावसाचा लहरीपणा, ही समजूतच तपासायला घेतली गेली. त्यात शेतकऱ्याची पीकपद्धतीही सुटली नाही. सरकारला जाब विचारताना आपल्याच शेतातल्या उसाचाही हिशेब मांडावा लागला. शिक्षणाच्या दृष्टीने या चळवळीचे मोल मुख्यतः इथे आहे.

येरळा नदीतली वाळू ठेकेदाराला नेऊ देण्यास लोकांनी विरोध केला. मर्यादित वाळू विकून आलेल्या पैशाच्या आधाराने बलवडी व तांदुळवाडीसाठी बळीराजा धरण उभे राहिले. त्याच्या पाण्यावर जमीनमालकांबरोबर भूमिहीनांचाही हक्क मानण्यात आला.