प्रश्नाला उत्तर देणारा प्राध्यापक

आमच्या नव्या मुंबईत महाविद्यालयांना तोटा नाही. रायगडातून, साताऱ्याहून, पार मराठवाड्यातून मुले येथे शिकायला येतात. अशाच एका मुलाने तास संपल्यावर मागे राहून मला विचारले, "सर, मला मुलींविषयी काही वाटत नाही, मुलांविषयी वाटतं. हा आजार आहे का?" मी म्हटलं, "परीक्षा जवळ आलीय, अभ्यास कर." तो पुन्हा कधी थांबला नाही. मी इतिहासाचा एम. ए.; पण याच मुंबईत एका प्राध्यापकाने असल्या प्रश्नांना तोंड दिले होते, हे मला त्या वेळी आठवले नाही.

ते प्राध्यापक म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. विल्सन कॉलेजात गणित शिकवीत. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ साली ती नोकरी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. लोकांनी घरात विचारायला लाजावे असे प्रश्न वाचक त्यांना पाठवीत आणि ते सरळ उत्तर देत. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र घेतले कुणी? डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी! लोक विचारतात, तर शास्त्राच्या आधारे उत्तर द्यायला नको काय, असा त्यांचा रोख होता. हॅवलॉक एलिस या इंग्रज संशोधकाचा दाखला देऊन, समलिंगी ओढ निसर्गतःच असेल तर त्यात गैर ते काय, असेही त्यांनी मांडले. खटला हरला. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. मासिक मात्र १९५३ पर्यंत, म्हणजे त्यांच्या मृत्यूपर्यंत, चालू राहिले.

कायद्याला पुढे फार वेळ लागला. तृतीयपंथीयांना सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली २०१४ साली. आणि सज्ञान माणसांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नव्हेत, हा निकाल आला ६ सप्टेंबर २०१८ रोजी. दरम्यान खाडीपलीकडे, पवईच्या आय.आय.टी.त, २०११ साली अशा विद्यार्थ्यांचा 'साथी' नावाचा गट उभा राहिला होता.

हल्ली काही महाविद्यालयांत शिक्षकांना आणि वसतिगृहाच्या कर्मचाऱ्यांना असे 'साथी' होण्याचे प्रशिक्षण देतात. मीही एकदा बसलो. वाटलं होतं, मोठं शास्त्र असेल. तसं काही नव्हतं. मुलगा सांगेल त्या नावाने हाक मारावी. वर्गात टवाळी झाली तर आपण हसू नये, तिथल्या तिथे थांबवावी. आजार आहे का विचारले तर स्वच्छ 'नाही' म्हणावे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलिंगी असणे आजारांच्या यादीतून काढले आहे.

सर्वांत अवघड गोष्ट निराळीच. आपण शिक्षक फार लवकर गावाकडे फोन लावतो, "जरा मुलाकडे बघा" म्हणून. हेतू चांगला असतो, पण त्या एका फोनाने पोराचे शिक्षण बंद होऊ शकते. तेव्हा आधी त्यालाच विचारायचे, "घरी सांगायचं का? की तूर्त आपल्या दोघांतच राहू दे?" आणि तो म्हणेल तसे करायचे.